युद्धकाळातील किशोरपट

युद्धाने विस्कटलेल्या घरात एखादे मूल मोठे होते, त्याची गोष्ट सांगणारा कौटुंबिक चित्रपट. यात रणांगण क्वचितच दिसते. बाप परतला नाही, शाळेला कुलूप लागले, माय शिध्यातली मूठभर ज्वारी रोज बाजूला काढू लागली, यावरून मुलाला युद्ध कळते. मोठी माणसे आपल्याशी खोटे बोलताहेत हे त्याला उमगते आणि तरीही धाकट्या बहिणीला ते तेच खोटे सांगते, तिथे त्याचे बालपण संपते. हा क्षण ज्याला पकडता आला, त्याचा चित्रपट टिकतो. बाँबस्फोट किती मोठा दाखवला, याला फारसा अर्थ नाही.

तार्कोव्हस्की यांच्या ‘इव्हान्स चाइल्डहुड’मध्ये (१९६२) बारा वर्षांचा पोरका मुलगा सोव्हिएत सैन्यासाठी टेहळणी करतो. जॉन बूरमन यांच्या ‘होप अँड ग्लोरी’त (१९८७) बाँबने शाळा पडते आणि पोरे आनंदाने ओरडत सुटतात. इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये (१९८८) कोबे शहरातली भाऊ-बहीण उपासमारीला तोंड देतात. सत्यजित राय यांच्या ‘अशनी संकेत’चे (१९७३) नायक मूल नसून एक तरुण जोडपे आहे, म्हणून तो काटेकोरपणे या प्रकारात बसत नाही. पण खेड्यातल्या माणसाला तोच सर्वात जवळचा वाटेल. त्यात युद्ध म्हणजे डोक्यावरून जाणारी विमाने आणि बाजारातून नाहीसा झालेला तांदूळ.

ग्रामीण विदर्भातही दुसरे महायुद्ध असेच आले. आघाडी दूर ब्रह्मदेशात होती. गावात आली ती टंचाई. कापड, साखर, मातीचे तेल मोजून मिळू लागले. रेशनच्या दुकानाला इकडे आजही ‘कंट्रोल’ म्हणतात, तो शब्द त्या काळातल्या नियंत्रणांची आठवण आहे.

याच युद्धाच्या काळात ‘चले जाव’ची हाक आली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी नागपंचमी होती. घरोघरी चुलीवर तवा न ठेवण्याचा तो दिवस. त्या दिवशी चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला मिरवणुका निघाल्या, पोलिसांनी गोळीबार केला, जमाव खवळला. दोन्ही बाजूंची माणसे मेली. तुकडोजी महाराजांची भजने लोकांच्या ओठांवर होती. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. पुढे चिमुरात फौज आली, धरपकड झाली, बायांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले.

चित्रपटवाल्यांचे लक्ष मिरवणुकीवर आणि गोळीबारावर जाते. किशोरपटाची खरी सामग्री मात्र त्यानंतरच्या वर्षांत आहे. दोन्ही गावांतल्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या, पुढे त्या जन्मठेपेत बदलल्या. मधल्या काळात त्या घरांत वखर कोणी धरला असेल? बारा-तेरा वर्षांच्या पोट्ट्याने. मायने अंगणात कोणाशी बोलायचे सोडले, याचे कारण त्याला कोण सांगणार? कॅमेरा त्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, तर पोलिसाचा चेहरा दिसणारही नाही. पट्टा आणि बूट दिसतील. तेवढे पुरे आहे.

बोलीची काळजी मात्र हवीच. चिमूर हा झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचा मुलूख. तिथली बोली झाडीबोली. आष्टीची माणसे वऱ्हाडी वळणाचे बोलतात. दोघांच्या तोंडी एकच सरसकट ‘वैदर्भी’ घातली, तर गावातला प्रेक्षक पहिल्याच वाक्याला परका होतो. हा प्रेक्षक कौटुंबिक कथेला मुळीच नवखा नाही: दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्याच वडसा परिसरातल्या नाटक मंडळ्या गावोगावी रात्रभर नाटके करतात आणि मायलेकाच्या प्रवेशाला मंडप स्तब्ध होतो.