पालवी फुटली म्हणजे फांदी लागली असं नाही

जूनमध्ये दोन-चार दमदार पाऊस झाले की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये कुंपणाची छाटणी निघते, आणि मग खाली पडलेल्या जास्वंदीच्या, तगरीच्या, एक्झोराच्या काड्या कुणीतरी उचलून घरी नेतंच. कुंडीत खोचायच्या, आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब दिसले की फोटो ग्रुपवर टाकायचा, "लागली बरं का!" वगैरे. आणि मग दोन-तीन आठवड्यांनी तीच पालवी मान टाकते, काडी खालून काळी पडते, आणि खापर फुटतं मातीवर नाहीतर "माझ्या हाताला गुणच नाही" यावर.

हाताचा काही संबंध नाही हो. ती काडी कधी लागलेलीच नव्हती.

पिकून टणक झालेल्या काडीत झाडाने स्टार्च साठवून ठेवलेला असतो आणि थोडं पाणीही असतं. डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो फुगवटा, उघडायला एवढं पुरतं, मुळांची गरजच नाही. म्हणून तर छाटून कोपऱ्यात टाकलेल्या फांदीलाही पावसाळ्यात कोंब येतात. पण पान उघडलं की त्यातून पाणी उडायला लागतं आणि खाली ते भरून काढणारं कोणी नाही, म्हणजे खर्च सुरू आणि पगार बंद. साठा संपला की खेळ संपला. त्यामुळे छाटकलमात खरी शर्यत असते ती मुळं आधी की पानं आधी याची, आणि आपलं सगळं काम म्हणजे पानांना जरा थोपवून धरणं आणि मुळांना वेळ मिळवून देणं.

आता मुळं येतात कुठून? काडीची साल नखाने खरवडली तर खाली एक हिरवट ओलसर थर दिसतो, त्याच्या आत, साल आणि लाकूड यांच्या सांध्यावर कॅम्बियम नावाचा पेशींचा पातळ पडदा असतो. काडी कापली की त्याच्या आसपासच्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून परत विभागायला लागतात आणि त्यातून मुळाचा अंकुर तयार होतो, जो साल फाडून बाहेर येतो. हे घडवून आणणारा मुख्य निरोप्या म्हणजे ऑक्सिन. ते शेंड्यात, कोवळ्या पानांत, डोळ्यांत तयार होतं आणि पेशी ते एकाच दिशेने पुढे सरकवत नेतात, शेंड्याकडून बुडख्याकडे. काप घेतला की खाली जायची वाट बंद, म्हणून ते कापाजवळ साठतं आणि तिथेच मुळं धरतात.

काडी उलटी खोचली तर फसते ते यामुळेच. हर्मान फ्योख्टिंग नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये विलो नावाच्या झाडाच्या फांद्यांचे तुकडे दमट जागी सुलटे-उलटे टांगून बघितले होते, तर उलट्या टांगलेल्या तुकड्यालाही मुळं आली ती त्याच्या मूळच्या बुडख्याच्या टोकालाच, जे आता वर होतं! काडीला आपली खालची बाजू कुठली ते पक्कं माहीत असतं, आपणच विसरतो. पानं काढल्यावर जास्वंदीची काडी दोन्हीकडून सारखीच दिसते, म्हणून माळी लोक खाली डोळ्याच्या लगेच खाली आडवा काप घेतात आणि वर डोळ्याच्या थोडं वर तिरका. तिरक्यावरून पाणीही निथळतं, पण मुख्य फायदा हा की गोंधळ होत नाही.

नर्सरीत मिळणारी रूटिंग पावडर म्हणजे हेच ऑक्सिन, पण जरा टिकाऊ प्रकारातलं. झाडातलं नैसर्गिक ऑक्सिन उजेडाने आणि एन्झाइम्सनी पटकन मोडतं, तर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवून दिलं की इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, मुळं फोडायला जास्त कामाचं आहे. आजही बहुतेक डब्यांत तेच असतं, टाल्कम पावडरमध्ये मिसळलेलं. कोवळ्या काडीला साधारण ०.१ टक्का, अर्धवट पिकलेल्याला ०.३ आणि जून लाकडाला ०.८ टक्का अशा ताकदीचं मिळतं. जास्त लावलं तर जास्त मुळं असं मात्र नाही, उलट बुडखा जळल्यासारखा होतो आणि डोळेही अडून बसतात. लावून हलकेच झटकायचं, आणि काडी थेट डब्यात बुडवायची नाही, चमचाभर पावडर कागदावर काढून घ्यायची, नाहीतर ओल जाऊन डबा वाया. जास्वंद आणि तगर पावडरशिवायही लागतात, बोगनवेलीला मात्र मी आवर्जून लावते.

काडी नारळपाण्यात बुडवून लावली तर काय, हा प्रश्न कोकणात येणारच. नारळपाण्यात सायटोकायनिन नावाची संप्रेरकं असतात आणि ती मुळांपेक्षा कोंबांच्या बाजूची आहेत. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवलं होतं की ऑक्सिन जास्त असेल तर मुळं, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब. म्हणजे आपल्याला जे थोपवायचंय त्यालाच आपण खतपाणी घालतोय. माझं मत विचाराल तर नारळपाणी आपण प्यावं.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो वेळेचा. इंग्लंडमधले व्हिडिओ सांगतात की हार्डवुड कटिंग, म्हणजे पिकलेल्या टणक काड्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, आणि तिकडे ते बरोबरच आहे. तिथे झुडपांची पानं गळलेली असतात, हवा थंड म्हणून डोळे मिटून असतात आणि जमिनीत खोचलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या सावकाश बुडखा सांधत बसतात, मुळं वसंतात येतात. शर्यत तिथे थंडीच जिंकून देते. आपल्याकडे घोडबंदर रोडवर डिसेंबरच्या दुपारी पारा तिशीला टेकतो, जास्वंद तेव्हाही हिरवीगार, झोपलेली बिलपली नाही आणि वर हवा कोरडी. आपल्याकडे थंडीचं काम दमट हवा करते. जून अखेर ते ऑगस्ट हवेतच इतकं पाणी असतं की पानांतून फारसं उडत नाही आणि मातीही मुळांना हवी तशी उबदार असते. गुलाबाचं वेगळं, त्याची ऑक्टोबर छाटणी झाली की निघालेल्या काड्या लावता येतात.

पावसाळ्याचा तोटा एकच, कूज. म्हणून नुसती कुंडीतली माती नको, निम्मी जाड रेती आणि निम्मं कोकोपीट, खत अजिबात नाही कारण मुळंच नाहीत तर खाणार कोण. वीतभर काडी, तीन-चार डोळे असलेली, त्यातले दोन मिश्रणाच्या आत, वरची पानं काढलेली किंवा एखादं अर्धं कापून ठेवलेलं. कुंडी गॅलरीत पण सावलीत, पावसाची झड लागणार नाही अशी. वरून पाण्याच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून टोपीसारखा घातला की झालं.

ग्लासात पाणी घालून मुळं काढणाऱ्यांसाठी एक गंमत. काही दिवसांत पाण्यातल्या सालीवर पांढरे भुसभुशीत ठिपके येतात, लाहीचा चुरा चिकटल्यासारखे, आणि सगळे म्हणतात मुळं आली. ती मुळं नसतात, सालीवरची श्वास घ्यायची छिद्रं पाण्यात सुजलेली असतात. कापाच्या कडेला येणारी फिकट दाणेदार कड, म्हणजे कॅलस, तीही जखम भरल्याची खूण आहे, मुळं येणारच याची हमी नाही. खरं मूळ टोकदार असतं, सालीला चीर पाडून बाजूने निघतं. ते इंचभर झालं की मातीत हलवा, पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, लांब झाली की मोडतात. आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात आणि मनपाची माणसं ग्लाससुद्धा तपासतात.

मातीतली काडी उपटून बघायची नाही. दीड-दोन महिने थांबा, मग दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढा, अडली तर खाली काहीतरी आहे. कुंडीच्या भोकातून पांढरं टोक डोकावलं तर प्रश्नच मिटला. आधी आलेली पानं गळून नवीन आली तरी चांगलं लक्षण.

चाफ्याला यातलं बरंच लागू नाही, त्याची जाड फांदी चीक सुकेपर्यंत सावलीत आठवडाभर तशीच ठेवून मग लावतात, ओली लावली की सडते. कण्हेर लावत असाल तर चीक विषारी आहे, हात धुवा, मुलांना लांब ठेवा.

आणि काडी घेताना झाड निरोगी बघून घ्या. कलमाने आलेलं झाड म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, जनुकं तीच, फुलाचा रंग तोच, खोडीही त्याच. नेरुळमधल्या एका सोसायटीतल्या बारा कुंड्यांतली लाल जास्वंद जर एकाच झुडपाच्या काड्यांपासून आलेली असेल तर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड, त्यातल्या एकीला जेवढा सोसवेल तेवढाच बाकीच्यांनाही, आणि बऱ्याचदा तो काडीवर बसूनच घरी आलेला असतो. म्हणून पानाखालची बाजू आणि डोळ्याच्या बेचक्या आधी बघायच्या, पांढरा कापूस दिसला तर ती काडी तिथेच ठेवायची.