एक अब्जांश ग्रॅमचा खटला

19 ऑगस्ट 2024 ला यानिक सिनरने सिनसिनाटीची स्पर्धा जिंकली. दुसऱ्याच दिवशी बातमी आली की हा अव्वल क्रमांकाचा टेनिसपटू मार्च महिन्यात उत्तेजक चाचणीत एकदा नव्हे, दोनदा सापडला होता आणि स्वतंत्र लवादाने त्याला निर्दोषही ठरवलं होतं. तेव्हापासून टेनिस पाहणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. मोठ्या खेळाडूला वेगळा न्याय मिळतो, असं एक तट म्हणतो. बिचाऱ्याची काही चूक नसताना त्याची बदनामी झाली, असं दुसऱ्याचं म्हणणं. या भांडणात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो: सापडलेल्या मात्रेवरून रसायनशास्त्र नेमकं काय सांगू शकतं आणि काय सांगू शकत नाही? माझ्या मते गेल्या काही हंगामांतल्या बहुतेक वादांचं मूळ इथेच आहे.

सिनरच्या नमुन्यात क्लॉस्टेबॉलचे अंश सापडले. क्लॉस्टेबॉल म्हणजे टेस्टोस्टेरॉनचाच रेणू, फक्त त्याच्या चौथ्या कार्बनवर क्लोरीनचा एक अणू बसवलेला. असा रेणू शरीर स्वतः बनवत नाही, त्यामुळे तो सापडला म्हणजे बाहेरूनच आला, याबद्दल शंका उरत नाही. एकेकाळी पूर्व जर्मनीच्या सरकारी डोपिंगमध्ये हे स्टेरॉइड वापरलं जाई. इटलीत मात्र ते आजही जखमेवर मारायच्या 'ट्रोफोडर्मिन' नावाच्या स्प्रेमध्ये मिळतं, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. त्याच्या खोक्यावर डोपिंगचा इशारा देणारं चिन्ह छापलेलं असतं.

लवादापुढे आलेली हकिगत अशी. सिनरचे फिटनेस प्रशिक्षक उंबेर्तो फेरारा यांनी हा स्प्रे इटलीतून सोबत नेला होता. अमेरिकेतल्या इंडियन वेल्स स्पर्धेच्या वेळी फिजिओ जाकोमो नाल्दी यांचं बोट कापलं आणि त्यांनी त्यावर काही दिवस तो स्प्रे मारला. त्याच दिवसांत त्यांनी हातमोजे न घालता सिनरला मालिश केलं. सिनरला त्वचेचा विकार आहे, अंगावर खाजवून झालेल्या बारीक जखमा होत्या. ऐकायला हे रचून सांगितल्यासारखं वाटतं, पण त्यातलं विज्ञान पक्कं आहे. स्टेरॉइड स्निग्ध पदार्थांत विरघळतात, त्वचेचा वरचा थरही स्निग्धच असतो, त्यामुळे ते त्वचेतून आत जाऊ शकतात आणि फाटलेल्या त्वचेतून तर अधिक सहज. औषध लावलेल्या माणसाच्या स्पर्शातून दुसऱ्याच्या लघवीत त्याचे अंश उतरतात, हे इटलीतल्या संशोधकांनी प्रयोग करून पाहिलेलं आहे.

आता हा अंश सापडतो कसा ते पाहू, कारण चाचणी म्हटलं की कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा, असं चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येतं. खेळाडूला साधारण 90 मिलिलिटर लघवी अधिकाऱ्याच्या नजरेसमोर द्यावी लागते. ती 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत भरून सील होते. झाकण एकदा बसलं की ते फोडल्याशिवाय उघडत नाही. बाटलीवर फक्त क्रमांक असतो, नमुना कोणाचा आहे हे प्रयोगशाळेला कळत नाही.

यकृताने स्टेरॉइडला शरीराबाहेर टाकता यावं म्हणून त्याला पाण्यात विरघळणारी एक जोड चिकटवलेली असते. प्रयोगशाळेत आधी विकर (एन्झाइम) घालून ती जोड तोडतात. मग सुटा झालेला रेणू द्रावकात ओढून घेतात, द्रावक उडवून देतात आणि उरलेल्या पदार्थावर अशी प्रक्रिया करतात की तो तापवल्यावर वाफ होऊन पुढे सरकेल. ही वाफ केसासारख्या बारीक, काही मीटर लांबीच्या नळीतून जाते. प्रत्येक रेणूला तिथून बाहेर पडायला ठरावीक वेळ लागतो. बाहेर पडल्यावर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांचं वस्तुमान मोजलं जातं. वेळ आणि तुकडे, दोन्ही जर शुद्ध क्लॉस्टेबॉलच्या अंशाशी तंतोतंत जुळले, तरच नमुना दोषी ठरतो.

सिनरच्या नमुन्यांतली मात्रा एका मिलिलिटरमागे शंभर पिकोग्रॅमच्या आसपास होती. म्हणजे एक अब्जांश ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी. उन्हाळ्यात गावाला येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या. त्यात साखरेचा एक मिलिग्रॅमचा दाणा टाका आणि ढवळा. टँकरमधल्या साखरेचं प्रमाण बरोबर तेवढं भरेल. असा दाणा शोधून काढणारं यंत्र माणसाने बनवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण हे यंत्र 'आहे' एवढंच सांगतं. तो पदार्थ कधी आला, कसा आला, किती आला, हे एका आकड्यातून कळत नाही. स्टेरॉइड घेतल्यावर लघवीतलं प्रमाण आधी चढतं आणि मग दिवसागणिक उतरत जातं. उतरत्या रेषेच्या शेपटीला सापडलेले शंभर पिकोग्रॅम काही आठवड्यांपूर्वी घेतलेल्या मोठ्या डोसचे असू शकतात, तसेच ते काल झालेल्या नुसत्या स्पर्शाचेही असू शकतात. म्हणून तज्ज्ञ मागचेपुढचे नमुने पाहतात, कधी केसही तपासतात. सिनरच्या प्रकरणात तीन तज्ज्ञांनी त्याचा खुलासा शास्त्रीयदृष्ट्या पटण्याजोगा ठरवला. त्यांतले लंडनचे प्राध्यापक डेव्हिड कॉवन यांचं मत असं, की हे औषध जाणूनबुजून घेतलं असतं तरी एवढ्या अल्प मात्रेचा खेळावर काहीही परिणाम झाला नसता.

नियमाला मात्र परिणामाशी घेणंदेणं नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, आणि ते आत कसं आलं हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. काही पदार्थांना मर्यादा ठरवून दिलेली आहे, पण क्लॉस्टेबॉलसारख्या स्टेरॉइडचा कणही चालत नाही. निर्दोष ठरूनही सिनरचे इंडियन वेल्सचे गुण आणि बक्षिसाची रक्कम गेली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा' लवादाच्या निकालाविरुद्ध अपिलात गेली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तडजोड होऊन त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी आली, आपल्या माणसांच्या हलगर्जीपणाला तोच जबाबदार म्हणून. त्या काळात एकही ग्रँड स्लॅम नव्हती. हे पाहून बहुतेक खेळाडूंना यात पक्षपात वाटतो, असं नोव्हाक जोकोविच दोह्यात उघडपणे म्हणाला.

पोलंडची टेनिसपटू इगा श्वियाँतेक हिचं प्रकरण याच धर्तीचं. ऑगस्ट 2024 मध्ये तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरचं औषध तसंच अत्यल्प सापडलं. झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्यांमध्येच त्याची भेसळ झाली होती, हे प्रयोगशाळेत दाखवता आलं. बंदी एक महिन्याची झाली. आपल्याकडे मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर 2019 मध्ये टर्ब्युटलीनमुळे आठ महिन्यांची बंदी आली. हे औषध खोकल्याच्या साध्या सिरपमध्ये असतं. तिथे भेसळ नव्हती, घटकच तो होता. म्हणून बाटलीवरचं लेबल वाचणं हे आजच्या खेळाडूच्या सरावाचाच भाग झालं पाहिजे.

पुरावा प्रत्येकाच्या हाती लागतोच असं नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. ब्रिटनची दुहेरीतली टेनिसपटू टारा मूर 2022 मध्ये बोगोटात बोल्डेनोन आणि नँड्रोलोन या स्टेरॉइडसाठी सापडली. मांसातून आलं, असं ती म्हणाली. कोलंबियात जनावरांना बोल्डेनोन टोचतात हे माहीत आहे, आणि तिथलाच दुहेरीतला अव्वल खेळाडू रॉबर्ट फारा 2020 मध्ये याच कारणावरून सुटला होता. मूरलाही लवादाने एकोणीस महिन्यांनी सोडलं. पण जुलै 2025 मध्ये त्याहून वरच्या क्रीडा लवाद न्यायालयाने तो निकाल फिरवून तिला चार वर्षांची बंदी दिली. नँड्रोलोनचं प्रमाण मांस खाण्याशी जुळतं हे तिला दाखवता आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ते बरोबर असेलही. पण दूरदेशी खाल्लेल्या जेवणाचं मांस महिनोन्‌महिन्यांनी कोण आणून देणार? स्प्रेची खरेदी किंवा गोळ्यांची उरलेली बाटली दाखवता येते, खाल्लेला घास दाखवता येत नाही. शिवाय तज्ज्ञ आणि वकील तातडीने उभे करायला पैसा लागतो, आणि तो दुहेरी खेळणाऱ्या खेळाडूकडे सिनरएवढा नसतो.

उपाय अगदीच नवा नाही. मेक्सिको आणि चीनमधल्या मांसात क्लेनब्युटेरॉल हा बंदी असलेला पदार्थ सापडतो हे कळल्यावर 'वाडा'ने 2019 मध्ये त्यासाठी मिलिलिटरमागे 5 नॅनोग्रॅमची, म्हणजे 5 अब्जांश ग्रॅमची, रेषा आखली. त्याखालचा नमुना थेट दोषी न धरता आधी चौकशी होऊ शकते. इतर पदार्थांनाही अशी रेषा हवी, असं माझं ठाम मत आहे. त्याविरुद्धचा आक्षेप खोटा नाही: लबाडी करणारे थोडे थोडे डोस घेऊन नेमके त्या रेषेखाली राहतील. म्हणून रेषा प्रत्येक पदार्थासाठी वेगळी आणि प्रयोगांतून ठरवलेली असायला हवी. शरीरातून काय किती दिवसांत बाहेर पडतं, याचा अभ्यास बंदीच्या आधी झाला पाहिजे. मेल्डोनियम या हृदयविकारावरच्या औषधाच्या वेळी तो झाला नव्हता. 1 जानेवारी 2016 पासून बंदी आली, खेळाडू धडाधड सापडले, आणि हा पदार्थ शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतो हे लक्षात आल्यावर 'वाडा'ला एप्रिलमध्ये सवलतीचे नियम काढावे लागले. रशियाची टेनिसपटू मारिया शारापोव्हा हिला त्यांचा उपयोग झाला नाही, कारण तिने 1 जानेवारीनंतरही औषध घेतल्याचं मान्य केलं होतं.

नमुने दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात आणि पुढे निघालेल्या पद्धतींनी पुन्हा तपासता येतात. यंत्रं दरवर्षी अधिक बारीक होत आहेत. आज स्वच्छ ठरलेल्या बाटलीत उद्याचं यंत्र आणखी शंभर पट लहान दाणा शोधेल, तेव्हा तो मोजायचा की सोडायचा हे सांगणारा नियम तयार असला पाहिजे.