ठिणगी दिसली म्हणजे करंट ठीक?

"प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढा, ठिणगी पडली की करंट ठीक, दोष कार्बोरेटरचा." होडीच्या आउटबोर्डचा (मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा) एक सिलेंडर मिस मारू लागला की हा सल्ला हमखास येतो. ठिणगीच नसेल तर चाचणी उपयोगाची. पण मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलेंडरमध्ये दाबाखाली तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. हे व्होल्टेज तयार करणारी कॉइल कमजोर असेल, तर नेमकी तिथेच हात टेकते.

म्हणून दोन सिलेंडरचे प्लग आपसात बदला. दोष दुसरीकडे सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर, प्रत्येक सिलेंडरची कॉइल वेगळी असल्यास, त्याही तशाच आपसात बदलून बघा. तरी दोष जागचा हलेना, तर कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावा. कार्बोरेटर त्यानंतर. (इंजिन कोरडं, म्हणजे पाण्याविना, मात्र चालवू नका, इंपेलर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं चाक जातं.)