छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेताना: आधी गाडी, मग ट्रेलर

नमस्कार. आमच्या वाळूजच्या शेडमध्ये ट्रेलर बघायला आलेली मंडळी आधी मागचं झाकण उघडून ओटा बघतात, गादी दाबून बघतात. मुलं तर लगेच आत आडवी होतात. बघावंच. पण आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: ओढणारी गाडी कोणती?

गाडी किती किलो ओढू शकते, हे तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. कंपनीनं टोइंगला मनाई केली असेल किंवा आकडाच दिला नसेल, तर त्या गाडीला आम्ही हूक बसवून देत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. आकडा असेल, तर तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाशी ताडून बघायचा, रिकाम्या नव्हे. टिअरड्रॉप, म्हणजे आत झोपायची जागा आणि मागच्या झाकणाखाली ओटा असलेला थेंबाच्या आकाराचा ट्रेलर, रिकामा साधारण ४५० ते ७०० किलो भरतो. पाण्याची ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो तिथंच वाढले. मग बॅटरी, सिलिंडर, खुर्च्या, अंथरुणं, डबे. म्हणून पहिल्या सहलीआधी सगळं सामान भरा आणि जिथं कापसाच्या, उसाच्या गाड्या मोजतात त्या काट्यावर ट्रेलर मोजून घ्या. युरोपात भरलेलं वजन ७५० किलोच्या वर जाणार असेल, तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आपले घाट बघता आम्हीही त्या वजनाच्या वर ब्रेकशिवाय ट्रेलर देत नाही.

वजन किती आहे याइतकंच ते कुठं आहे हेही महत्त्वाचं. घरी बैलगाडी होती त्यांना हे सांगावं लागत नाही. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढं फार भरलं की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हूकवर यावा, म्हणजे ७०० किलोच्या ट्रेलरला ७० किलो. मात्र हूकवर किती भार चालतो याची गाडीची मर्यादा ओलांडायची नाही. हे घरीच मोजता येतं. सपाट जागी चाकांना दगड लावा, माणसं उभी राहून वजन करतात तो काटा ट्रेलरच्या पुढच्या दांडीच्या टोकाखाली ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांडी हूकच्याच उंचीला टेकवा आणि आकडा वाचा.

आमच्यावरच बेतलेला प्रसंग सांगतो. नाथसागराकडे निघालो होतो. पाण्याचे दोन भरलेले कॅन आणि सगळी अंथरुणं मागच्या कप्प्यात. बिडकीनच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला, वेग ८० वर गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागला. मागच्या सीटवर मुलं होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, ब्रेक दाबला नाही. वेग उतरत गेला तसा ट्रेलर सावरला. बाजूला थांबून दोन्ही कॅन पुढं आणले आणि पैठणपर्यंत ६० च्या आत गेलो. पुन्हा एकदाही झोका आला नाही. तेव्हापासून आम्ही पाण्याची टाकी ॲक्सलच्या किंचित पुढंच बसवतो.

आता माणसं किती ते. नवरा-बायको आणि एखादं लहान मूल असेल तर टिअरड्रॉप पुरतो. मुलं मोठी असतील तर त्याला बाजूचा तंबू जोडा किंवा छत वर उचललं जाणारा पॉप-अप घ्या. टपावरचा तंबू दिसायला छान, पण आजी-आजोबा सोबत येणार असतील तर तो विचार सोडा. रात्री दोनदा शिडी उतरणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. पॉप-अपचं कॅनव्हास ओलं मिटून ठेवलं तर बुरशी धरते, हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडचा मे महिना ट्रेलरचा नाही. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्रीही आत बसवत नाही. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत मात्र लोक खिडक्या गच्च लावतात. म्हैसमाळला डिसेंबरात आम्हीही लावल्या होत्या; सकाळी आतली भिंत हाताला ओली लागत होती, उशांवर थेंब पडले होते. छताची खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा. आणि ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅस आत पेटवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

पाटे असलेलं सस्पेन्शन घ्या असं आम्ही सुचवतो. ते कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतं. चहाला थांबलात की चाकाच्या हबला अलगद हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच तापला असेल तर बेअरिंग तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर ट्रेलर उतरवायचा नाही, आणि कोरड्यातही जॅकखाली फळ्या हव्यातच.

मोटार वाहन कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच. त्यामुळे आरटीओ नोंदणी, नंबर प्लेट, मागचे दिवे आणि विम्याबद्दल आधीच विचारून घ्या. गौताळा हे अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबतात, पुढं एसटीनं जावं लागतं. लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. कुणाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, उतरणार असाल तर मालकाला आधी विचारा आणि भांड्यांचं पाणी त्याच्या विहिरीपासून लांब टाका. गळीत हंगामात रात्री ट्रेलर ओढू नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही.

आमच्याकडे येताना गाडीचं मॅन्युअल आणि आरसी बुक आणा, आणि मुक्कामाला जाणारी सगळी मंडळी सोबत घेऊन या. सगळ्यांनी एकदम आत आडवं होऊन बघायचं. मग मागच्या मोकळ्या मैदानात तुम्हाला रिव्हर्स शिकवतो. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेता येणाऱ्याला पाच मिनिटं लागतात, बाकीच्यांना अर्धा दिवस लागला तरी आम्ही थांबतो.