फाशी घटनेत बसते का?

३ जून १९४९. घटना समितीत त्या दिवशी विषय फाशीचा नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अपिले किती ऐकावीत, यावर चर्चा चालली होती. फाशीची शिक्षा झालेल्याला तरी तिथे अपिलाचा हक्क असावा, असा काही सदस्यांचा आग्रह होता. त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करायला मी पाठिंबा देईन, असे डॉ. आंबेडकर म्हणाले. शिक्षा मात्र राहिली. अनुच्छेद २१ नेही कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीने जीव घेण्याची मुभा ठेवली.

१९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी का दिली नाही, याचे कारण न्यायाधीशाला लिहावे लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटे केले: फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ नोंदवा.

जगमोहन सिंग खटल्यात १९७२ मध्ये फाशी घटनात्मक ठरली होती. पण कार्यपद्धती न्याय्य आणि रास्तही हवी, असे १९७८ च्या मनेका गांधी निकालाने म्हटले आणि वाद पुन्हा उभा राहिला. बच्चन सिंग निकालाने (१९८०) चार विरुद्ध एक मतांनी फाशी टिकवली, तीही ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरती. विरोधात एकटे न्या. भगवती. फाशी होणार की नाही, हे समोर कोणते न्यायमूर्ती बसलेत त्यावर ठरते, असे त्यांनी १९८२ मध्ये सविस्तर लिहिले.

त्याचा पुरावा न्यायालयाच्याच दप्तरात होता. उत्तर प्रदेशात चौघांच्या खुनाबद्दल तिघांना फाशीची शिक्षा झाली. तिघांचा वाटा सारखाच. प्रत्येक जण वेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेला. एकाची याचिका फेटाळली गेली, दुसऱ्याला जन्मठेप मिळाली. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी पहिला फासावर गेला. तिसरा, हरबन्स सिंग, त्याच दिवशी जायचा. ऐन वेळच्या याचिकेने वाचला. त्याची फाशी माफ करावी, अशी शिफारस सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने राष्ट्रपतींना केली. गेलेल्याचे काय, याचे उत्तर मला कोणत्याच अनुच्छेदात सापडत नाही.

चंद्रचूडांच्याच पीठाने १९८३ मध्ये दंड संहितेचे कलम ३०३ रद्द केले. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असे ते कलम होते; न्यायाधीशाला दुसरा पर्यायच न ठेवणारी शिक्षा न्याय्य नाही, हा तर्क. अमली पदार्थ कायद्यातली सक्तीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच तर्काने ऐच्छिक केली. त्याआधी, २००९ मध्ये, महाराष्ट्रातल्या बारियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कबूल केले होते, की गुन्हेगाराकडे न बघता फक्त गुन्हा बघणारा १९९६ चा रावजी निकाल बच्चन सिंग निकालाला धरून नव्हता आणि त्यावर विसंबून पुढे आणखी फाशी सुनावल्या गेल्या.

शिक्षेवर बोलायला आरोपीला खरीखुरी संधी कशी द्यायची, हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.