देवाच्या भुवईचं आतलं टोक

नवरात्रात आमच्या शारदा मंडळाने मांडवात पडदा लावून पोरांना एक ॲनिमेशनपट दाखवला. त्यातला देव आभाळातून उतरतो, रडणाऱ्या पोराशेजारी चिखलात उकिडवा बसतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. पोट्टे गप्प झाले. मागून एक आजोबा मात्र म्हणाले, "एवढा मोठा देव, अन् असा गरिबावानी तोंड करून कायले बसला बाप्पा?"

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. देव म्हटला की रुंद छाती, धारदार नजर, हातात शस्त्र, हे कॅलेंडरवाल्यांनी आपल्या डोक्यात बसवलंय. पण विदर्भात हा आक्षेप यावा? भुलाबाई म्हणजे साक्षात पार्वती, आणि आपल्या पोरी तिला माहेरवाशीण म्हणून पाटावर बसवून कोजागिरीपर्यंत सासरची गाऱ्हाणी गातात! असो. आजोबांना जे 'गरिबावानी' वाटलं ते, म्हणजे देवाच्या चेहऱ्यावरची करुणा आणि नम्रता, कागदावर आणणं फार अवघड असतं, आणि त्यामागचं शरीरशास्त्र मला भारी आवडतं.

करुणा डोळ्यांत असते असं आपण म्हणतो. घरातल्या एखाद्या फोटोतल्या भुवया अंगठ्याने झाकून पाहा, नुसते डोळे किती कमी सांगतात ते कळेल. खरं काम भुवईच्या आतल्या, म्हणजे नाकाकडच्या टोकाचं. कपाळावर फ्रॉन्टॅलिस नावाचा पातळ स्नायू आहे. तो सगळा आखडला की दोन्ही भुवया वर जातात आणि चेहरा चकित दिसतो. त्याचा फक्त मधला भाग आखडला, आणि त्याच वेळी भुवया जवळ ओढणारा कॉरुगेटर हा स्नायू थोडासा आखडला, तर भुवया मधोमध उंच आणि बाहेर उतरत्या होतात. डार्विनने १८७२ साली या स्नायूंना 'दुःखाचे स्नायू' म्हटलं. १९७८ मध्ये एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले, त्यात भुवईचं आतलं टोक उचलणं ही क्रमांक १ ची हालचाल, आणि भुवया खाली-जवळ ओढणं क्रमांक ४ ची. एकटी ४ म्हणजे रागाची छटा. १ आणि ४ एकत्र म्हणजे दुःख किंवा दुसऱ्याबद्दलची कळकळ.

गंमत अशी की ही १ क्रमांकाची हालचाल ठरवून करणं बहुतेकांना जमत नाही. आरशासमोर प्रयत्न करा, अख्खी भुवई वर जाईल. ओठ-गालांना मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध अर्ध्या भागातून हुकूम येतो, कपाळाला मात्र दोन्ही भागांतून. शिवाय मनातून उमटणाऱ्या भावाचा मार्ग ठरवून केलेल्या हालचालीपेक्षा वेगळा असतो. मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झालेला रुग्ण सांगितल्यावर हसू शकत नाही, पण विनोद ऐकून नीट हसतो. कपाळाला दोन्हीकडून हुकूम येतो म्हणूनच मेंदूतल्या झटक्याने तोंड वाकडं झालं तरी सहसा कपाळाला आठ्या पडतात, आणि चेहऱ्याची नसच सुजली असेल तर तेही सपाट पडतं. डॉक्टरांना ही मोठी खूण वाटते. (तोंड वाकडं झालेल्या माणसाला 'बाहेरचं लागलं' म्हणून आधी मांत्रिकाकडे नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कपाळ पाहून घरीही निदान करू नका, थेट दवाखाना गाठा.)

सहज खोटी करता येत नाही, म्हणून ही हालचाल आपल्याला खरी वाटत असावी. कुत्र्यांचं पाहा. २०१९ च्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्यांचं विच्छेदन केलं गेलं. भुवईचं आतलं टोक उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक सापडला, लांडग्यांत त्याचे जेमतेम काही धागे. हजारो वर्षं माणसाने ज्याला भाकर टाकली त्याच्या चेहऱ्यावर नेमकी हीच हालचाल टिकली, असा संशोधकांचा अंदाज.

आता नम्रता. नवखा चित्रकार देवाची मान खाली घालतो आणि फसतो. २०१९ मध्येच कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की निर्विकार चेहरा थोडा खाली झुकवला आणि नजर समोर ठेवली, तर तो उलट दरारा दाखवणारा वाटतो. भुवया हललेल्या नसतात, पण चेहरा खाली झुकल्यामुळे त्या आत उतरलेल्या, रागातल्यासारख्या दिसतात. म्हणजे मान झुकवायची तर नजरही उतरवावी लागते किंवा भुवईचं आतलं टोक वर घ्यावं लागतं. दोन्ही विसरलात तर नम्र देवाचा राक्षस होतो.

त्यात वेळेचं गणित. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चौकटी असतात. हाताने काढताना बऱ्याचदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे अर्ध्या सेकंदात भुवई उचलायला सहाच चित्रं. ती सारख्या अंतराने काढली तर भुवई यंत्रासारखी सरकते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी चित्रं जवळजवळ ठेवायची, मध्ये लांब. आणि देव बोलणार असेल तर भुवई शब्दाच्या आधी हलायला हवी.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात हे चालणार नाही. वडशाकडच्या मंडपात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाची भुवई कुठली दिसायला? तिथला देव आवाजाने आणि अख्ख्या अंगाने दयाळू होतो. पडद्यावर चेहरा जवळ आणता येतो. तरी पोरं हेच सिनेमे बोटभर मोबाइलवर पाहतात, म्हणून भुवया कपाळाच्या रंगापासून उठून दिसतील अशा जाड आणि गडद ठेवलेल्या बऱ्या.