लॉनमोअरची छोटी इंजिने : अमेरिकी उद्योगाचा ऱ्हास

घरापुढची हिरवळ कापणाऱ्या यंत्रांसाठी लागणारी, हवेने थंड होणारी छोटी पेट्रोल इंजिने बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेली पीछेहाट. हा धंदा प्रामुख्याने विस्कॉन्सिन राज्यात एकवटला होता. त्यातल्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी टेकुम्सेची इंजिने २००८ च्या अखेरीस बंद झाली, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कोहलरने २०२४ मध्ये आपल्या इंजिन व्यवसायातला मोठा हिस्सा विकून टाकला. या सगळ्याचे खापर सहसा चीनवर फोडले जाते. ते पूर्ण चूक नाही, पण चिनी इंजिने अमेरिकी दुकानांत दिसू लागली त्याच्या बऱ्याच आधी या कंपन्यांनी आपली जुनी गावे सोडायला सुरुवात केली होती.

पाण्याच्या पंपाच्या किंवा मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आडवा असतो. चालत ढकलायच्या लॉनमोअरमध्ये तो उभा असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला पाते थेट बोल्टने कसलेले असते. मधे गिअर नाही, पट्टा नाही. साध्या लॉनमोअरमध्ये इंजिन वगळले तर उरतो तो डेक (पात्यावरचे पत्र्याचे कवच), चार चाके आणि एक दांडा. त्यामुळे लॉनमोअर विकणाऱ्या बहुतेक कंपन्या इंजिन बाहेरून घेत. डेकवर नाव कुठलेही असो, दोरी ओढून चालू होणारे इंजिन ब्रिग्जचे नाहीतर टेकुम्सेचे असायचे, आणि दुरुस्ती करणारा मेकॅनिक विचारायचा ते इंजिनाचेच नाव. जुनी इंजिने बांधणीला अगदी साधी होती. व्हॉल्व सिलिंडरच्या शेजारी, वरती सपाट हेड, आणि ब्रिग्जच्या इंजिनात तर तेलाचा पंपही नाही. तिथे गिअरवर फिरणारे, वल्ह्यांसारख्या पात्यांचे एक छोटे चक्र असे. ते तेलात फिरून शिंतोडे उडवी आणि तेवढ्यावर आतले सगळे भाग ओले राहत. ही बांधणी स्वस्त, टिकाऊ आणि कुणालाही खोलता येईल अशी होती. पुढे तीच अंगाशी आली.

स्टीफन ब्रिग्ज आणि हॅरोल्ड स्ट्रॅटन यांनी १९०८ मध्ये मिलवॉकी शहरात कंपनी काढली. मोटारींची कुलुपे आणि इग्निशनचे भाग बनवता बनवता ती छोट्या इंजिनांकडे वळली. खरी भरभराट आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांना घरकर्जे मिळाली, शहरांबाहेर एकसारख्या बंगल्यांच्या वसाहती उठल्या, प्रत्येक बंगल्यापुढे हिरवळ आली आणि ती वेळच्या वेळी कापणे हा शेजारधर्मच होऊन बसला. १९५३ मध्ये ब्रिग्जने ओतीव ॲल्युमिनियमचे इंजिन आणले. ते बिडाच्या इंजिनापेक्षा हलके आणि स्वस्त होते, आणि त्यानंतर हातात धरून ढकलायचे यंत्र सामान्य घराच्या आवाक्यात आले. टेकुम्से ही मिशिगनमधली फ्रीजचे कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी. तिने १९५६ आणि १९५७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लॉसन आणि पॉवर प्रॉडक्ट्स या कंपन्या विकत घेऊन या धंद्यात पाऊल टाकले. बर्फ उडवणाऱ्या यंत्रांवरची तिची स्नो किंग इंजिने विशेष नावाजली. कोहलर म्हणजे न्हाणीघरातल्या टबांसाठी ओळखली जाणारी कंपनी. १९२० पासून ती जनरेटर आणि इंजिनेही बनवू लागली आणि पुढे बसून चालवायच्या लॉन ट्रॅक्टरांत तिने जम बसवला. आयोवातल्या माकोकेटा गावची क्लिंटन १९५० च्या दशकात या तिघींच्या तोडीची होती. तिची घसरगुंडी साठच्या दशकातच सुरू झाली. आता त्या गावात तिच्या इंजिनांचे संग्रहालय आहे.

मिलवॉकीतले कामगार संघटित होते आणि पगार चांगले होते. १९८३ मध्ये ब्रिग्जमध्ये तीन महिन्यांचा संप झाला. त्यानंतर कंपनीने नवे कारखाने दक्षिणेकडे काढले : केंटकीत मरी, मिझुरीत पॉप्लर ब्लफ आणि रोला, जॉर्जियात स्टेट्सबरो, अलाबामात ऑबर्न. ही सगळी छोटी गावे, मजुरी कमी आणि युनियनचा जोर बेताचा. १९८९ च्या आर्थिक वर्षातल्या तोट्याने या स्थलांतराला आणखी वेग दिला. १९९४ मध्ये मिलवॉकीतली सुमारे २,००० कामे हलवण्याची घोषणा झाली. शहरात मोर्चे निघाले, चर्चमधून टीका झाली, आणि या विषयावर लेख छापणाऱ्या एका कॅथलिक साप्ताहिकावर कंपनीने कोर्टात दावाही लावला. या घटकेला स्पर्धेत समोर होत्या त्या जपानी कंपन्या, आणि त्यांचे कारखाने अमेरिकेतच होते : होंडाचा नॉर्थ कॅरोलायनातल्या स्वेप्सनव्हिल येथे १९८४ पासून, कावासाकीचा मिझुरीत मेरीव्हिल येथे १९८९ पासून. अमेरिकी मजुरांच्या हातून जपानी कंपनीने इंजिन बनवले तर ते देशी की परदेशी, याचे उत्तर देशी मालाची बाजू घेणाऱ्यांना कधी नीट देता आले नाही.

दुसरा दाब दुकानांचा. पूर्वी लॉनमोअर गावातल्या डीलरकडे मिळे. तोच विकी, तोच दुरुस्त करी. वॉलमार्ट, होम डेपो आणि लोज या साखळ्यांनी ते गणित मोडले. वर्षाला लाखो नग उचलणारे हे गिऱ्हाईक दरवर्षी भाव पाडून मागे, आणि लॉनमोअरमध्ये पैसे वाचवायची जागा एकच, ती म्हणजे इंजिन. धातूचे कार्ब्युरेटर जाऊन प्लॅस्टिकचे आले. यातला गाजलेला प्रसंग स्नॅपरचा. महाग पण दणकट यंत्रांसाठी हे नाव प्रसिद्ध होते. २००२ मध्ये तिच्या मालक कंपनीचे प्रमुख जिम विअर यांनी वॉलमार्टला माल देणे थांबवले. त्या भावात आमच्या दर्जाचे यंत्र बनत नाही, असे त्यांचे म्हणणे. व्यवस्थापनाच्या वर्गात हा किस्सा धाडसाचा नमुना म्हणून सांगतात. पुढचा भाग मात्र सहसा सांगत नाहीत. २००४ मध्ये ब्रिग्जने ती मालक कंपनी विकत घेतली आणि सुमारे दहा वर्षांनी जॉर्जियातल्या मॅकडोना येथील स्नॅपरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. शिवाय लॉनमोअरची कंपनी विकत घेतल्यामुळे ब्रिग्ज आपल्याच इंजिन-गिऱ्हाइकांची स्पर्धक झाली, हा तोटा वेगळाच.

तिसरे कारण धुराचे नियम. कॅलिफोर्नियाने १९९५ पासून आणि केंद्र सरकारने १९९७ च्या मॉडेलांपासून छोट्या इंजिनांना उत्सर्जनाच्या मर्यादा घातल्या आणि पुढे त्या कडक केल्या. शेजारी व्हॉल्व असलेली जुनी बांधणी या मर्यादांत बसवणे अवघड होते. व्हॉल्व सिलिंडरच्या वर न्यायचे तर साचे, यंत्रे, सगळेच बदलावे लागणार. होंडाकडे तशी इंजिने आधीपासून होती. ब्रिग्ज आणि कोहलरने पैसा ओतला, टेकुम्से मागे राहिली. ब्रिग्जने राजकीय वाटही धरून पाहिली. २००३ मध्ये मिझुरीचे सिनेटर किट बाँड यांनी राज्यांना अशा इंजिनांवर स्वतःचे नियम करता येऊ नयेत अशी तरतूद पुढे रेटली. नियम लादले तर नोकऱ्या परदेशी जातील, असा युक्तिवाद होता. गंमत अशी की त्याच सुमारास गुंतवणूकदारांसाठी सादर केलेल्या कागदपत्रांत, या नियमांचा आपल्या आर्थिक स्थितीवर फारसा परिणाम होणार नाही, असे ब्रिग्ज सांगत होती. अखेर तडजोडीत कॅलिफोर्नियाला मोकळीक मिळाली आणि बाकी राज्यांचे हात बांधले गेले.

आता चीन. होंडाने १९८३ मध्ये आणलेल्या जीएक्स मालिकेतल्या इंजिनांच्या नकला चोंगचिंग आणि आसपासच्या कारखान्यांतून निघू लागल्या. पेटंट संपल्यावर त्यांना अडवणारे कुणी उरले नाही. लोन्सिन आणि झोंगशेन ही त्यातली मोठी नावे. लॉनमोअर बनवणाऱ्या एमटीडीने चीनमध्ये बनलेली इंजिने स्वतःच्या नावाने लावायला सुरुवात केली, टोरोनेही लोन्सिनची घेतली. ब्रिग्जने चोंगचिंगमध्ये स्वतःचाच कारखाना काढला. टेकुम्सेने नोव्हेंबर २००७ मध्ये आपला इंजिन विभाग प्लॅटिनम इक्विटी या गुंतवणूक कंपनीला सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरना विकला. वर्षभरात इंजिने बनणे थांबले.

याच काळात अश्वशक्तीचा खटला चालू होता. इंजिनांवर छापलेली अश्वशक्ती फुगवलेली आहे, म्हणून २००४ मध्ये ग्राहकांनी इंजिन आणि लॉनमोअर बनवणाऱ्या बहुतेक बड्या कंपन्यांना कोर्टात खेचले. २०१० मध्ये तडजोड झाली. हल्ली ढकलायच्या लॉनमोअरवर अश्वशक्तीऐवजी टॉर्क (फिरवण्याचा जोर) किंवा नुसते सीसी छापलेले दिसतात, त्यामागे हा खटला आहे.

ब्रिग्जने २०१९ मध्ये मरीचा कारखाना बंद करायचे ठरवले आणि २० जुलै २०२० रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. केपीएस कॅपिटल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने सुमारे ५५ कोटी डॉलरना व्यवसाय घेतला, पण कामगारांच्या पेन्शनची तूट घेतली नाही. ती सरकारी पेन्शन विमा संस्थेच्या गळ्यात पडली. कंपनी त्यानंतरही इंजिने बनवते आहे, जोडीला व्हॅनगार्ड नावाने बॅटऱ्याही. कोहलरने २००७ मध्ये इटलीची लोम्बार्डिनी घेतली होती. लोम्बार्डिनीचे डिझेल तंत्र मराठी वाचकाला नावाने नसले तरी आवाजाने ओळखीचे आहे : ग्रीव्हज कॉटनने परवान्यावर औरंगाबादेत बनवलेली तिची इंजिने बारामतीच्या पियाजिओ आपे रिक्षांत बसत. इंजिने आणि जनरेटरांचा हा सगळा ऊर्जा व्यवसाय कोहलरने २०२४ मध्ये बहुतांशी त्याच प्लॅटिनम इक्विटीला विकला आणि त्याचे नाव रेहल्को झाले.

आता स्पर्धा इंजिनाची इंजिनाशी उरलेली नाही. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक नव्या बागकाम यंत्रांना शून्य उत्सर्जनाची अट आहे, आणि बॅटरीच्या लॉनमोअरना ना दोरी ओढावी लागते ना तेल बदलावे लागते. होंडानेही सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत घरगुती पेट्रोल लॉनमोअर बनवणे थांबवले. टेकुम्सेच्या सुट्या भागांचा धंदा २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच जेन्सव्हिलच्या एका कंपनीने घेतला. स्नो किंगवाली जुनी यंत्रे हिवाळ्यात अजून चालतात, आणि त्यांना बसणारे चिनी कार्ब्युरेटर ऑनलाइन सहज मिळतात.